परदेशात पैसे कसे खर्चायचे: कार्ड, खातं आणि रोख यांची महिनाभर आधीची तयारी

विमानाच्या तिकिटात दोन हजार वाचावेत म्हणून आपण आठवडाभर वेगवेगळी संकेतस्थळं चाळतो. हॉटेलचा नाश्ता धरलाय की नाही, हे तीनदा तपासतो. तिथे गेल्यावर पैसे कोणत्या कार्डाने द्यायचे, हे मात्र बहुतेक घरांत बॅग भरताना ठरतं, आणि जे कार्ड पाकिटात असतं तेच सोबत जातं. दोन लाखांच्या खर्चावर योग्य आणि अयोग्य कार्डातला फरक आठ ते बारा हजारांचा पडू शकतो. ही रक्कम एकदम जात नाही, प्रत्येक व्यवहारात थोडी थोडी जाते, म्हणून ती लक्षातही येत नाही.

हा लेख भारतात राहणाऱ्या आणि फिरायला, मुलांकडे किंवा छोट्या कामासाठी परदेशी जाणाऱ्या लोकांसाठी आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे राहायला जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. त्यांना तिथलं स्थानिक खातंच उघडावं लागतं.

आधी कळू द्या, पैसे कुठे कुठे कापले जातात

कार्डाची जाहिरात वाचण्याआधी या कपाती समजून घ्या. त्या समजल्या की कुठलंही कार्ड तुम्ही स्वतः तपासू शकता.

पहिली आणि सगळ्यात मोठी कपात म्हणजे मार्कअप. तुम्ही युरोमध्ये पैसे दिलेत की व्हिसा किंवा मास्टरकार्डचं जाळं त्या दिवशीच्या आपल्या दराने त्याचे रुपये करतं. हा दर बाजारभावाच्या बऱ्यापैकी जवळ असतो. त्यावर तुमची बँक स्वतःचा आकार लावते. भारतातल्या बहुतेक साध्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या घरात आहे. वर त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. महागड्या श्रेणीतल्या कार्डांवर हाच आकार दोन टक्क्यांच्या आसपास असतो, आणि काही कार्डांवर शून्य.

दुसरी कपात एटीएमची. परदेशी मशीनमधून डेबिट कार्डाने पैसे काढले की आपली बँक दर वेळी साधारण सव्वाशे-दीडशे रुपये अधिक जीएसटी घेते. मार्कअप लागतो तो वेगळाच. शिवाय ज्यांचं मशीन आहे ती तिथली बँकही शुल्क लावू शकते. थायलंडमध्ये हे शुल्क दर वेळी २२० बाटच्या आसपास आहे, मग तुम्ही हजार बाट काढा की वीस हजार.

तिसरी कपात आपण स्वतःच्या संमतीने करून घेतो, आणि मला सर्वात जास्त तळमळ तिचीच आहे. दुकानातलं मशीन किंवा एटीएम ओळखतं की कार्ड भारतीय आहे, आणि विचारतं, ‘युरोमध्ये देणार की रुपयांत?’ रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडेच जातं. पण रुपये निवडले की दर ठरवतो तो त्या दुकानाचा किंवा मशीनचा मध्यस्थ, आणि तो आपला नफा त्या दरात घालतो. पाच टक्के सहज जातात, पर्यटनस्थळी याहूनही जास्त. वर भारतातल्या अनेक बँका ‘परदेशात रुपयांत केलेला व्यवहार’ म्हणून एखादा टक्का आणि त्यावर जीएसटी लावतात. मार्कअप शून्य असलेलं कार्ड हातात असलं, तरी या एका बटणाने त्याचा सगळा फायदा जातो. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, अगदी कॉलेजातल्या मुलालाही, हे पाठ करायला लावा: ज्या देशात आहोत, त्या देशाच्याच चलनात पैसे द्यायचे.

चौथी कपात चलन विकत घेताना. मनी चेंजर किंवा बँक जो विक्रीदर सांगते, त्यात तिचा नफा आधीच असतो. ‘आमच्याकडे कमिशन शून्य’ या पाटीला त्यामुळे फारसा अर्थ नाही. चलनबदलीवर जीएसटीही लागतो, पण तो किरकोळ आहे: एक लाख रुपयांच्या चलनावर १८० रुपये, आणि कमीत कमी ४५ रुपये.

पाचवी कपात फॉरेक्स कार्डवाल्यांसाठी, म्हणजे ज्यात आधीच परकीय चलन भरून ठेवतात त्या कार्डाची. कार्डात युरो भरलेत आणि खर्च स्विस फ्रँकमध्ये केलात, तर युरोचे फ्रँक करताना पुन्हा मार्कअप लागतो. तोही अनेकदा साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो.

आता आकडे मांडून पाहू

हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू. युरोपात दोन हजार युरो, म्हणजे दोन लाख रुपये खर्च करायचे आहेत.

साडेतीन टक्के मार्कअपच्या कार्डावर जास्तीचे ८,२६० रुपये जातील. दोन टक्क्यांच्या कार्डावर ४,७२०. शून्य मार्कअपच्या कार्डावर या खात्यात काहीच नाही. फॉरेक्स कार्डात युरो भरताना तुम्हाला १०१.५० चा दर मिळाला, तर दराच्या फरकाचे ३,००० आणि जीएसटीचे पावणेतीनशे असे मिळून सव्वातीन हजारांच्या आसपास, अधिक कार्ड काढण्याचं शुल्क. आणि साधं कार्ड वापरून प्रत्येक वेळी रुपयांचं बटण दाबलं, मशीनने पाच टक्के खाल्ले आणि बँकेने वर एक टक्का लावला, तर जवळपास साडेबारा हजार.

एटीएमचाही नमुना पाहा. शंभर युरो काढले, मशीनने चार युरो शुल्क घेतलं, बँकेने ४.१३ टक्के आणि दीडशे रुपये अधिक जीएसटी लावला, तर दहा हजार रुपयांच्या नोटा हातात येताना सुमारे हजार रुपये जातात. एकदाच चारशे युरो काढले तर ठरावीक शुल्कं तेवढीच राहतात आणि टक्केवारी निम्म्याच्या आसपास येते. थोडे थोडे पैसे वारंवार काढणं यासाठीच टाळायचं.

रिवॉर्ड पॉइंटांचं काय? दोन टक्के मार्कअपचं कार्ड परदेशी खर्चावर तीन टक्क्यांचे पॉइंट देत असेल, तर कागदावर ते शून्य मार्कअपपेक्षा सरस ठरतं. ते खरं होतं फक्त तुम्ही पॉइंट वेळेत आणि पूर्ण किमतीला वापरत असाल तर. पॉइंट पडून राहत असतील, तर ते हिशेबात धरू नका.

कोणतं साधन कशासाठी

माझं स्पष्ट मत आहे की एकच ‘सर्वोत्तम कार्ड’ शोधण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक साधनाचं काम वेगळं असतं. दोन कार्डं आणि थोडी रोख ही किमान जुळणी, आणि कुटुंब असेल तर तीन कार्डं.

*क्रेडिट कार्ड* हवं ते मुख्यतः अनामत रकमेसाठी. हॉटेलात पोचल्यावर किंवा गाडी भाड्याने घेताना काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर फक्त तुमची मर्यादा तेवढी कमी होते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात आणि मोकळे व्हायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. सहल संपते आणि पैसे अडकलेलेच असतात. गाडी भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या तर मुख्य चालकाच्या नावाचंच क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट घेतच नाहीत. मोठ्या खरेदीतही, काही वाद झाला तर क्रेडिट कार्डावर तक्रार लढवणं सोपं जातं, कारण पैसे अजून तुमच्या खात्यातून गेलेले नसतात.

एक गोष्ट मात्र क्रेडिट कार्डाने कधीही करू नये, ती म्हणजे एटीएममधून रोख काढणं. त्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास शुल्क, मार्कअप, आणि पहिल्या दिवसापासून महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरातलं व्याज लागतं. बिल वेळेवर भरलं तरी ते व्याज माफ होत नाही.

शून्य मार्कअपच्या कार्डांत स्कापिया फेडरल किंवा आयडीएफसी फर्स्टचं वाव ही नावं तुमच्या कानावर येतील. वाव हे मुदत ठेवीवर मिळतं, त्यामुळे क्रेडिट इतिहास नसलेल्या गृहिणींना किंवा निवृत्त लोकांना ते सोयीचं पडतं. अशा कार्डांच्या अटी बदलत राहतात. म्हणून अर्ज करण्याआधी बँकेच्या संकेतस्थळावरचा शुल्कतक्ता उघडा आणि त्यात ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ ही ओळ शोधा. जाहिरातीच्या पानावर विसंबू नका.

*डेबिट कार्ड* रोख काढण्यासाठी. इथे माझा आग्रह आहे की पगाराच्या किंवा पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड परदेशात पुढे करू नये. प्रवासासाठी वेगळं बचत खातं ठेवा, त्यात दोन-चार दिवसांपुरतेच पैसे ठेवा, आणि लागतील तसे मोबाइलवरून मुख्य खात्यातून वळते करा. कार्डाची नक्कल झाली तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. नियो ग्लोबलसारखी शून्य मार्कअपची डेबिट कार्डं या कामासाठी चांगली आहेत. पैसे खात्यात रुपयांतच राहतात, त्यावर व्याज मिळतं, आणि कोणत्याही चलनात खर्च केला तरी वेगळं चलन भरावं लागत नाही.

सहकारी बँकेत खातं असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. सांगली-कोल्हापूर-नाशिककडे अनेकांचं मुख्य खातं नागरी सहकारी बँकेत असतं, आणि त्यांची रुपे कार्डं बरेचदा फक्त देशांतर्गत चालतात. रुपे ग्लोबल प्रकारचं कार्ड डिस्कव्हर, डायनर्स आणि जेसीबीच्या जाळ्यांवर चालतं, पण सगळ्या दुकानांत नाही. म्हणून सोबत व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवंच. शक्य असेल तर दोन कार्डांपैकी एक व्हिसाचं आणि एक मास्टरकार्डचं ठेवा. एक जाळं अडलं की दुसरं चालतं.

*फॉरेक्स कार्ड* बँका आणि मनी चेंजर सगळ्यात आग्रहाने विकतात. ते वाईट नाही, पण सगळ्यांसाठीही नाही. त्याचा खरा फायदा म्हणजे दर आजच पक्का होतो. सहल दीड महिन्याने आहे आणि रुपया घसरेल अशी धास्ती आहे, तर आज डॉलर भरून ठेवता येतात. दुसरा फायदा, ते तुमच्या बँक खात्याला जोडलेलं नसतं. आणि ज्यांना क्रेडिट कार्ड नकोच आहे, अशा ज्येष्ठांना ‘एवढेच पैसे आहेत’ ही मर्यादा बरी वाटते.

मर्यादाही ओळखा. त्यात ठरावीक चलनंच भरता येतात: डॉलर, युरो, पाउंड, दिरहम, सिंगापूर डॉलर, येन, बाट, स्विस फ्रँक अशी. व्हिएतनामचं डाँग किंवा इंडोनेशियाचा रुपिया साधारणपणे नसतो. तिथे डॉलर भरलेलं कार्ड वापरलं की वर सांगितलेला दुहेरी फटका बसतो. उरलेले पैसे परत रुपयांत करताना खरेदीदराने पुन्हा थोडे जातात. काही कार्डांना वापर न केल्याचं शुल्कही असतं.

आपल्याकडची नेहमीची युरोप सहल घ्या: लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. ‘युरोप म्हणजे युरो’ असं समजून लोक सगळी रक्कम युरोत भरतात. प्रत्यक्षात लंडनला पाउंड आणि स्वित्झर्लंडला फ्रँक लागतो. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. इतकी चलनं असतील तर शून्य मार्कअपचं कार्डच सोपं. फॉरेक्स कार्डच घ्यायचं असेल, तर प्रत्येक देशातल्या मुक्कामाच्या रात्री मोजून तीन चलनांत वाटणी करा.

फॉरेक्स कार्ड किंवा नोटा घेताना दर विचारू नका. तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा: ‘कर, कार्डाचं शुल्क, सगळं धरून मला एक हजार डॉलर किती रुपयांना पडतील?’ आलेला आकडा इंटरनेटवरच्या त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून पाहा. दरात घासाघीस चालते. बँकेच्या शाखेतही विचारलं तर थोडा कमी होतो. विमानतळावरच्या काउंटरवर दर बहुधा महाग असतो. तिथे घ्यायचंच झालं तर अगदी निकडीपुरतं घ्या.

*यूपीआय* आता काही देशांत चालतं: भूतान, नेपाळ, मॉरिशस, श्रीलंका, संयुक्त अरब अमिरातीतली काही दुकानं, पॅरिसचा आयफेल टॉवर. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार वेगळे सुरू करावे लागतात. नेपाळ-भूतान सोडले तर त्याच्यावर सहल बेतू नये, सोबतीला असू द्यावं.

रोख किती न्यायची

हे देशावर ठरतं. लंडनच्या लाल बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत. सिंगापूर आणि स्वीडनमध्येही कार्डावर जवळपास सगळं होतं. जपानमध्ये मोठी दुकानं कार्ड घेतात, पण छोट्या खानावळी, देवळं आणि रेल्वेचं सुइका कार्ड भरण्याची बरीच मशीन रोखच मागतात. तिथे सेव्हन-इलेव्हन दुकानांतली एटीएम परदेशी कार्डं घेतात. जर्मनीत छोट्या उपाहारगृहांत ‘फक्त रोख’ ही पाटी अजून दिसते. युरोपातल्या बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांना नाणी लागतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर पहिल्याच दिवशी चिल्लर करून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

थायलंड, व्हिएतनाम, बालीसाठी सोबत डॉलर न्या आणि शहरातल्या चांगल्या मनी चेंजरकडे बदला. शंभराच्या कोऱ्या नोटांना बऱ्याच ठिकाणी जास्त दर मिळतो. फाटलेली, पेनाने लिहिलेली नोट नाकारली जाते, म्हणून इथे घेतानाच प्रत्येक नोट उलटून पाहा. बालीत गल्लीबोळातले काउंटर नोटा मोजताना हातचलाखी करतात, अशा तक्रारी फार आहेत. शेवटची मोजणी स्वतः करा, आणि मोजल्यावर गठ्ठा पुन्हा त्यांच्या हातात देऊ नका.

सर्वसाधारणपणे, कार्ड चालणाऱ्या देशात माणशी शंभर-दीडशे डॉलरइतकी रोख पुरते. रोखीच्या देशात एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ठेवा.

मुलांकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना फार तयारी लागत नाही. घरखर्च मुलगा-मुलगीच करतात. दोन-तीनशे डॉलर रोख आणि मर्यादा कमी ठेवलेलं एक कार्ड पुरे. जास्त महत्त्वाचं म्हणजे भारतातलं सिम चालू ठेवणं आणि इथल्या क्रेडिट कार्डाचं बिल आपोआप भरलं जाण्याची सोय करणं, नाहीतर मागे राहिलेल्या बिलावर दंड चढत राहतो.

नियम, जे आधी माहीत हवेत

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार प्रत्येक रहिवाशाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता किंवा पाठवता येते. फॉरेक्स कार्ड, नोटा आणि डेबिट कार्डाचा परदेशातला खर्च यात मोजला जातो. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च मात्र यात धरत नाहीत. २०२३ मध्ये तो धरायचं ठरलं होतं, पण तो निर्णय पुढे ढकलण्यात आला.

टीसीएसबद्दल, म्हणजे परदेशासाठी पैसे घेताना बँक किंवा सहल कंपनी आधीच गोळा करून सरकारकडे भरते त्या कराबद्दल, विनाकारण भीती आहे. १ एप्रिल २०२५ पासून प्रवासासाठी एका वर्षात एका पॅनवर दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. त्यावरच्या रकमेवर २० टक्के लागतो. पतीपत्नीची मर्यादा वेगवेगळी, म्हणून मोठी रक्कम असेल तर आपापल्या खात्यातून आपापल्या पॅनवर घ्या. सहल कंपनीच्या परदेशी पॅकेजवर मात्र पहिल्या रुपयापासून टीसीएस असतो, आणि त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत. ही रक्कम बुडत नाही. ती तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी तक्त्यात, फॉर्म २६एएसमध्ये, दिसते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते किंवा परत मिळते. सहलीची पावती जपून ठेवा.

नोटांच्या रूपात एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी तीन हजार डॉलरपर्यंतच परकीय चलन घेता येतं. बाकीचं कार्डात. चलन घेताना पन्नास हजार रुपयांपर्यंतच रोखीने पैसे देता येतात, त्यापुढे बँकेतूनच. पासपोर्ट, पॅन, तिकीट, आणि लागत असेल तिथे व्हिसा दाखवावा लागतो. चलन घेतल्यापासून साठ दिवसांच्या आत प्रवास सुरू व्हावा लागतो. पावती प्रवासात जवळ ठेवा. भारतीय रुपये बरोबर ठेवायचे तर पंचवीस हजारांपर्यंत. परतल्यावर मुंबई विमानतळावरून घरी येण्यापुरते तेवढे पुरतात.

महिनाभर आधीपासूनची पावलं

निघण्याच्या चार आठवडे आधी पाकिटातल्या प्रत्येक कार्डाचा मार्कअप शोधून एका कागदावर लिहा. दोन टक्क्यांहून कमीचं एकही नसेल तर तेव्हाच नव्यासाठी अर्ज करा. कार्ड यायला, सुरू व्हायला दोन-तीन आठवडे सहज जातात. कार्डाची मुदत प्रवासात संपत नाही ना, आणि कार्डावरचं नाव पासपोर्टशी जुळतं ना, हेही पाहा.

तीन आठवडे आधी, लंडनला जाणार असाल तर ॲड-ऑन कार्डांचा, म्हणजे आपल्याच खात्यावर घरच्यांच्या नावाने मिळणाऱ्या जोडकार्डांचा विचार करा. तिथे मेट्रोच्या फाटकावर कार्ड टेकवून आत जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड किंवा फोन लागतो. एकाच कार्डावर चौघांना सोडत नाहीत. दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादाही त्याच कार्डावर मोजली जाते, म्हणून सकाळी जे कार्ड टेकवलं तेच संध्याकाळपर्यंत वापरा.

दोन आठवडे आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू होऊन येतात. एटीएम, दुकानातलं मशीन, टॅप आणि ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. दुकान आणि टॅप सुरू करा. एटीएम फक्त डेबिट कार्डाचं. ऑनलाइन वापर मात्र बंदच ठेवा आणि गरज पडेल तेव्हाच उघडा, कारण अनेक परदेशी संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक टाकला की ओटीपी न विचारताच पैसे जातात. रोजची मर्यादाही इथेच ठरवता येते.

प्रत्येक कार्डाचा पिन बसवा आणि तो इथल्या एका मशीनवर वापरून बघा. क्रेडिट कार्डाचा पिन कित्येकांनी कधी लावलेलाच नसतो, आणि युरोपातल्या माणूस नसलेल्या तिकीट मशीनवर तोच अडतो.

आठवडाभर आधी मोबाइलचं पाहा. ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येतो, म्हणून त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असलं पाहिजे आणि रिचार्ज संपता कामा नये. इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम घेतलंत तरी भारताचं सिम फोनमधून काढू नका. ते काढलं की बँकेचं आणि यूपीआयचं ॲपही पुन्हा नोंदणी मागतं.

शेवटच्या दोन दिवसांत बँकांचे परदेशातून लागणारे फोन क्रमांक कागदावर लिहून घ्या. देशाच्या संकेतांकासहित लिहा, कारण १८०० ने सुरू होणारे क्रमांक बाहेरून बहुधा लागत नाहीत. कार्डं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा: एक पाकिटात, एक केबिन बॅगेत, एक जोडीदाराकडे.

तिथे गेल्यावर

मशीन तुमच्या हातात द्यायला सांगा. पडद्यावर दोन आकडे दिसले की स्थानिक चलनाचं बटण स्वतः दाबा. दुकानदार घाईत तुमच्या वतीने रुपयांचं बटण दाबून पावती देत असेल, तर सही किंवा पिनच्या आधीच तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

एटीएमवर हीच गोष्ट जरा वेगळ्या शब्दांत येते. ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ असे दोन पर्याय असतात. डिक्लाइन दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत, असं वाटून अनेक जण ॲक्सेप्ट दाबतात. तसं होत नाही. डिक्लाइन दाबल्यावरही नोटा येतात, फक्त रुपांतर तुमच्या कार्डाच्या दराने होतं. मशीन बँकेच्या शाखेला लागून असलेलं निवडा आणि शक्यतो कामकाजाच्या वेळेत जा. कार्ड आत अडकलं तर आत जाऊन मागता येतं.

अमेरिकेत पेट्रोल पंपाचं मशीन तिथल्या पत्त्याचा टपाली पिन कोड (झिप कोड) मागतं आणि भारतीय कार्ड तिथे अडतं. आत काउंटरवर जाऊन आधी पैसे द्या. उपाहारगृहात बिलाची रक्कम आधी पडते आणि तुम्ही लिहिलेली टिप नंतर जोडली जाते. म्हणून एसएमएसमधला आणि स्टेटमेंटमधला आकडा वेगळा दिसतो. आपली प्रत जपा, म्हणजे ताडता येईल.

कार्ड हरवलं किंवा अनोळखी व्यवहार दिसला तर

आधी ॲपमधून कार्ड तात्पुरतं बंद करा, मग बँकेला फोन. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमांनुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर आर्थिक जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित येते, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणणं यात महाग पडतं. पिन किंवा ओटीपी स्वतः कुणाला सांगितला असेल तर हे संरक्षण मिळत नाही.

परतल्यावर

उरलेल्या नोटा १८० दिवसांच्या आत बँकेला किंवा अधिकृत मनी चेंजरला विकाव्यात. पुढच्या प्रवासासाठी दोन हजार डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात. नाणी इथे कुणी बदलून देत नाही, ती तिकडच्या विमानतळावरच चहापाण्यात संपवा. फॉरेक्स कार्डात फार थोडी रक्कम उरली असेल तर परतीच्या शुल्कात ती जाईल. अशा वेळी शेवटच्या दिवशी हॉटेलच्या बिलात ती वापरून टाकणं बरं.

स्टेटमेंट आलं की तीन गोष्टी बघा: मार्कअप ठरल्याइतकाच लागला का, एकच व्यवहार दोनदा पडला का, आणि हॉटेलने किंवा गाडीवाल्याने अडकवलेली अनामत सुटली का. अनामत सुटेपर्यंत किंवा रद्द तिकिटाचे पैसे परत येईपर्यंत ते कार्ड बंद करू नका आणि फॉरेक्स कार्डही रिकामं करून परत देऊ नका, कारण पैसे त्याच कार्डावर परत येतात. सगळं जुळलं की ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापराची सगळी बटणं बंद करा आणि मर्यादा पूर्वीइतक्या खाली आणा.